पागोळीपासून सेप्टिकच्या पाइपापर्यंत: कोकणातल्या घरी डासांचा बंदोबस्त

डास कधी चावतात, हे आधी दोन दिवस नीट बघा. सकाळी अंगण झाडताना किंवा दुपार कलल्यावर पडवीत बसलं की घोट्याला-पोटरीला चावणारा, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो तो हाच. सहसा तो शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तो एकतर तुमच्याच परसात जन्मलेला असतो, नाहीतर गडग्यापलीकडे शेजाऱ्याच्या. रात्री दिवा मालवल्यावर कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास बहुतेक वेळा क्युलेक्स. तो गटाराच्या आणि सेप्टिक टाकीच्या घाण पाण्यात वाढतो, हत्तीरोग पसरवतो आणि किलोमीटरभर लांबूनही उडत येतो. तिसरा अ‍ॅनॉफेलिस, मलेरियाचा. भिंतीवर बसताना मागचा भाग वर उचलून तिरका बसतो, त्यावरून तो ओळखू येतो. त्याला तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं: विहीर, छतावरची टाकी, भाताचं खाचर, चिऱ्याच्या बंद खाणीत साठलेलं पाणी.

ही ओळख पटली नाही तर सगळी मेहनत फुकट. रात्रीच्या डासांनी हैराण झालेलं घर कुंड्यांच्या बशा पुसत बसतं आणि सेप्टिकचा पाइप मात्र उघडाच राहतो. नेहमी दिसतं ते हेच.

दुसरं, आठवड्याचं गणित. कोकणातल्या पावसाळी उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दर सात दिवसांनी साठलेलं पाणी मोडलं तर एकही पिढी पुरी होत नाही. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतं, ते याच हिशेबानं. वार ठरलेला असू द्या, गावच्या आठवडा बाजाराचा धरलात तर विसरणार नाही. दहा दिवसांनी केलेली साफसफाई दिसायला चांगली, पण डासांना तेवढी मुदत पुरते.

एडिसचा आणखी एक कावा आहे. त्याची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे पिंप, डोण, बादली नुसती ओतून उपयोग नाही. रिकामी केल्यावर आतली कड नारळाच्या सोडणाच्या चोथ्यानं किंवा ताठ ब्रशनं खसाखसा घासा, धुऊन ते पाणी कोरड्या मातीवर टाका आणि भांडं उपडं करून उन्हात ठेवा. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात एकदम डास ‘येतात’, ते बऱ्याचदा उन्हाळाभर भांड्यांच्या कडांवर बसून राहिलेल्या या अंड्यांतूनच.

अळ्या शोधायला एक पांढरी वाटी आणि टॉर्च पुरे. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका, सावली पडली की अळ्या तळाला जातात. उजेड तिरका टाका, वाटी कडेनं बुडवून पाणी घ्या आणि दोन-तीन मिनिटं थांबा. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडून राहणारी अळी अ‍ॅनॉफेलिसची. डोकं खाली आणि शेपटाची नळी वर करून लटकणारी अळी क्युलेक्सची किंवा एडिसची. एडिसची नळी आखूड, क्युलेक्सची लांब. स्वल्पविरामासारखा गोळा उड्या मारताना दिसला तर तो कोष. तो दोन-तीन दिवसांत डास होणार, म्हणजे त्या भांड्याला आजच हात घातला पाहिजे. टाकीच्या तळाशी वळवळणाऱ्या लाल अळ्या मात्र डासांच्या नव्हेत, त्या न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. टाकी धुवायची वेळ झाली, एवढाच त्यांचा निरोप.

घराभोवतीची फेरी

सुरुवात वरून करा. कौलारू घराची पन्हळ पागोळ्यांचं पाणी वाहून नेते, पण एखादा आकडा सैल झाला की मधेच पोट काढते आणि तिथे पानांच्या गाळात पाणी मुरत बसतं. दहा फुटांना निदान एक इंच उतार हवा. एका टोकाला बादलीभर पाणी ओता, अर्ध्या तासानं शिडीवरून बघा. जिथे पाणी उरलं असेल तिथला आकडा उचलून घट्ट करा. तेवढ्यानं भागलं नाही तर त्या खोलगट जागी पाच मिलिमीटरचं भोक पाडा. पन्हळ पत्र्याची असेल तर भोकाच्या कडेला लगेच रंग लावा, नाहीतर खारी हवा तिथूनच पत्रा खायला लागते. स्लॅबचं घर असेल तर पावसापूर्वी पाणी जायच्या नळ्या साफ करा. पानं अडवायला मोठ्या छिद्रांची जाळी चालते, पण ती दर आठवड्याला हातानं मोकळी केली नाही तर सगळा स्लॅबच तळं होतो.

लाकडांवर, चिऱ्यांच्या ढिगावर टाकलेली निळी ताडपत्री हे एडिसचं आवडतं ठिकाण. दगड ठेवून ती दाबली की प्रत्येक दोन दगडांमध्ये एक खळगा तयार होतो. मधोमध आढ्यासारखा बांबू आडवा घाला, म्हणजे दोन्ही अंगांना उतार मिळतो. कडा दगडांऐवजी दोरीनं खाली ओढून बांधा.

वाडीत बारीक जागा पुष्कळ. उंदरांनी, खारींनी, वानरांनी पोखरून टाकलेले नारळ, शहाळ्यांची टरफलं, करवंट्या, पोफळीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण. विरी तर होडीसारखी खोलगट, एका पावसात भरते आणि सावलीत आठवडाभर तशीच राहते. पडलेली विरी उपडी करणं हा उपाय नव्हे, वारा तिला पुन्हा उताणी करतो. ती गोळा करून झाकल्या जागी रचा, नाहीतर कोयत्यानं उभी चिरून झाडाच्या बुंध्याशी टाका. करवंट्या गोणत्यात भरून छपराखाली ठेवा. बांबू तोडताना गाठीच्या लगेच वर कापा. गाठीपासून वीतभर वर कापलात की प्रत्येक खुंट एक पेला होतो. जुने खुंट असतील तर कोयत्याची एक खाच तळापर्यंत मारा. आंब्या-फणसाच्या ढोलीत पाणी साठत असेल तर ती वाळू-मातीनं कडेपर्यंत भरा. सिमेंट भरू नका. आत लाकूड कुजतं, सिमेंट सुटतं आणि फटीत पुन्हा पाणी. अळू, केळ, अननस यांच्या पानांच्या बेचक्यातही थोडं पाणी असतं, आठवड्यातून एकदा पाइपचा जोराचा फवारा मारलात की झालं. त्यासाठी झाडं तोडायची गरज नाही.

गेटचे लोखंडी पाइप वरून उघडे असतात. त्यांत वाळू भरून वर दोन इंच सिमेंटचं टोपण करा. कंपाउंडच्या भिंतीवर लावलेल्या बाटल्यांचे बूड पाणी धरतात. तेही सिमेंटनं भरा नाहीतर हातोडीनं फोडा. गुरांच्या पाण्याची दगडी डोण आठवड्याला पूर्ण रिकामी व्हायला हवी. तिला तळाशी बूच नसेल तर गवंड्याकडून एकदाच भोक पाडून घ्या, पुढची सगळी वर्षं सुटाल.

किनाऱ्यावरच्या गावांत जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ओढून ठेवलेल्या होड्या पावसानं भरतात. लहान होडी उपडी ठेवायची, मोठीचं तळाचं बूच काढून ठेवायचं. आणि टायर! होडीच्या अंगाला लावलेला, झोपाळा केलेला, कौलं उडू नयेत म्हणून छपरावर टाकलेला. टायर कसाही ठेवला तरी पाणी धरतोच आणि आतून काळा, उबदार, सावलीचा असल्यानं एडिसला त्याहून चांगली जागा नाही. लटकता टायर ठेवायचाच असेल तर खालच्या बाजूला एक-एक इंचाची तीन-चार भोकं पाडा. ती बाजूच्या भिंतीत, पण तळाच्या जितकं जवळ जमेल तितकी. रस्त्याला घासणाऱ्या भागात आतून पोलादी तारा असतात, तिथे ड्रिल अडकतं. नको असलेला टायर भंगारात द्या, जाळू मात्र नका.

टाकी, पिंप, विहीर

छतावरच्या काळ्या टाकीला तीन तोंडं असतात: झाकण, हवेची नळी आणि जादा पाण्याची नळी. लोक झाकण बघतात, बाकीची दोन विसरतात. जाळी 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, इंचाला 16 ते 18 तारांची. साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी समुद्राच्या वाऱ्यात लवकर गंजते आणि बोट लावलं की भुगा होतो. मच्छरदाणीचं नायलॉन उन्हात कडक होऊन एका हंगामात फाटतं, तात्पुरतं ठीक. जाळी तारेनं बांधू नका, तीही गंजते. स्टेनलेसची होज क्लिप वापरा.

एक चूक हमखास होते. जादा पाण्याच्या नळीच्या तोंडावर जाळी सपाट ताणून बसवतात. पंप चालू राहिला की शेवाळ-कचरा त्या लहानशा वर्तुळावर बसतो, पाणी जायला वाट राहत नाही आणि टाकी झाकणातून वाहते. जाळीची वीतभर लांब टोपी शिवा, नळीवर सरकवा आणि क्लिप लावा. पाणी गळायला जागा पुष्कळ मिळते, महिन्यातून एकदा काढून झटकता येते. झाकणावरून नायलॉनची दोरी आडवी घेऊन टाकीच्या दोन्ही कानांना बांधा, जुलैच्या वाऱ्यात झाकण शेजारच्या आगरात सापडण्यापेक्षा बरं.

पिंपाच्या तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा बांधायची पद्धत चांगली आहे, पण कापड मधे झोळ खातं आणि पाऊस पडला की त्या झोळातच वाटीभर पाणी साठतं. पागोळीखालच्या पिंपाला कापड नको, मच्छरदाणीची जाळी लावा, सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून घट्ट बसवा. पाण्याची पातळी जाळीच्या चार बोटं खाली राहील अशी बाजूला नळी किंवा भोक ठेवा. पाणी जाळीला टेकलं की मादीला वरूनच अंडी सोडता येतात.

विहिरीवर मासे पकडायचं जुनं जाळं टाकलेलं असतं. ते पाला अडवतं, डास नाही. वापरातल्या विहिरीचं पाणी रोज हलतं, तिथे अळ्या कमी असतात. पडीक किंवा क्वचित शेंदल्या जाणाऱ्या विहिरीत गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याकडे चौकशी केली की ते सहसा मिळतात. पाण्याच्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरला 5 ते 10 मासे हा हिशेब. दहा फूट व्यासाच्या विहिरीला 40 ते 60 पुरेत, ते पिलं घालून वाढतात. संध्याकाळी सोडा. पिशवी आधी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग विहिरीचं थोडं पाणी पिशवीत घेऊन मासे हळूच बाहेर काढा. खायला काही टाकू नका, पोट भरलं की ते अळ्यांकडे बघत नाहीत.

मासे मरण्याचं इथलं मुख्य कारण टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर. पावसाळ्यात विहिरीत क्लोरिन टाकलं की गप्पी गेलेच समजा, आणि गंमत अशी की पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या मात्रेनं अळ्या मात्र मरत नाहीत. ज्या विहिरीचं पाणी पिता तिथे टीसीएल टाकणं थांबवू नका, माशांचाच नाद सोडा. शिवाय गप्पी ओहोळात, ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, ते बाहेरचे आहेत आणि आपल्याकडच्या माशांची अंडी-पिलं खातात. आपल्या ओहोळांत डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला बारीक मासा पाण्याच्या वरच्या थरात हिंडताना दिसतो, तोही अळ्या पटापट टिपतो. बागेतल्या हौदात तो सोडलात तर उत्तम.

सेप्टिक टाकी

रात्रीच्या डासांचा उगम दहातल्या सात-आठ घरांत इथेच निघतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पडताळा सोपा आहे. तिन्हीसांजेला गॅसच्या पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा आणि सकाळी उघडण्यापूर्वी बघा. पिशवी काळी झालेली असेल तर पुढचं वाचा.

गॅसचा पाइप बहुधा चार इंची पीव्हीसी असतो. त्यावर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या छत्रीला भोकं असतात, पण त्यातून डास आरामात जातात. छत्री काढा, पाइपाच्या तोंडावर स्टेनलेस जाळीचा एक फूट चौरस तुकडा टोपीसारखा दुमडा, होज क्लिपनं आवळा, वर पुन्हा छत्री बसवा. जाळी नसेल तोवर दुहेरी नायलॉनचं कापड रबरानं बांधा, पण ते दर दोन महिन्यांनी तपासा. पाइप सिमेंटनं किंवा प्लास्टिकनं बंद करू नका. वायू घरात फिरतो आणि कमोडमधून बुडबुडे येतात.

मग झाकणं. चेंबरच्या लादीला उचलायला लोखंडी कडी असते, तिच्याभोवतीचं भोक आणि लादीच्या चारी कडांच्या फटी. रात्री कोणाला तरी टॉर्च धरायला सांगा, फटीतून डास बाहेर पडताना दिसतात. फटी पक्क्या सिमेंटनं भरल्यात तर उपशाच्या वेळी लादी फोडावी लागते. एक भाग सिमेंट, आठ भाग वाळू असा कच्चा माल किंवा नुसती चिकणमाती पुरते. ती तडकली की पुन्हा लिंपायची. पावसापूर्वी एकदा, गणपतीच्या आधी एकदा.

तिसरी वाट म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पाइप. तो उघड्या चरात सुटत असेल तर टाकीला कितीही झाका, डास चरात वाढणारच. तो शोषखड्ड्यातच जायला हवा.

झाकण उघडं असताना तोंड खाली घालून बघू नका, काडी पेटवू नका, आत कोणीही कोणत्याही कारणानं उतरायचं नाही. त्यातल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

टाकीत फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल ओतणारे आहेत. मैला कुजवणारे जंतू मरतात, टाकी लवकर भरते, आणि जळकं ऑइल जांभ्यातून झिरपत विहिरीपर्यंत पोचतं. थर्माकोलच्या बारीक मण्यांचा थर पाण्यावर पसरायचा उपाय शास्त्रीयदृष्ट्या पक्का आहे. मादीला अंडी घालता येत नाहीत, अळीला श्वास घेता येत नाही. पण तो जिथे पाणी बाहेर वाहत नाही अशा बंद खड्ड्यांसाठी. आपल्याकडे पावसात टाक्या तुंबून वाहतात, मणी ओहोळातून थेट खाडीत जातील. मासळीचे खोके कुस्करून हा प्रयोग करू नका.

न्हाणीचं पाणी

न्हाणीचं पाणी नारळाच्या आळ्यात सोडायची जुनी रीत बरोबर आहे, फक्त एकाच आळ्यात रोज सोडलं की माती साबणानं गच्च होते आणि डबकं राहतं. पाटाला दोन फाटे करा, तीन-तीन दिवसांनी चिऱ्याचा तुकडा सरकवून पाणी बदला. एक आळं सुकतं, तोवर दुसरं पितं. केळ आणि अळू हे पाणी सगळ्यांत चांगलं घेतात.

शोषखड्डा करायचा तर चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाला मोठे दगड, त्यावर मुठीएवढे, त्यावर खडी, आणि मधोमध बुडाला-बाजूंना भोकं पाडलेलं मडकं किंवा सिमेंटची लहान टाकी, जिच्यात पाइप सोडायचा. मडक्यात नारळाच्या सोडणाचा चोथा भरा. केस, साबणाचा मेद आणि शितं तिथेच अडकतात. महिन्यातून एकदा चोथा बदला, नाहीतर दोन वर्षांत खड्डा बंद पडतो. वर फरशी, कडा मातीनं लिंपलेल्या. विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. खणण्यापूर्वी हातभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओता. तासाभरात जिरलं नाही तर खाली कातळ आहे, तिथे खड्डा नको, केळीच बऱ्या. समुद्राजवळच्या पुळणीत भर पावसात जमिनीतलं पाणीच वर येतं, तिथेही हीच गोष्ट.

जे पाणी ओतता येत नाही आणि जिथे मासेही ठेवता येत नाहीत, तिथे बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं. अळी ते खाते आणि मरते. माणूस, गुरं, मासे यांना त्रास नाही. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेनं टाका. कोष काही खात नाही, त्यामुळे कोष दिसत असतील तर बीटीआयनं ते थांबत नाहीत. अशा वेळी सांडपाण्याच्या लहान डबक्यात चमचाभर भांड्यांचा साबण किंवा वापरलेलं खाद्यतेल टाका. पृष्ठभागाचा ताण मोडतो किंवा तवंग धरतो, अळ्या-कोष गुदमरतात. एका सरीत किंवा वाऱ्याच्या झोतात तवंग फाटतो, म्हणून हे चार दिवसांचं काम समजा. मीठ टाकण्यात अर्थ नाही. काही डास तर खाजणाच्या मचूळ पाण्यातही वाढतात.

सापळे

वरचं सगळं केल्यावर एक अंडी-सापळा लावा. आधी लावला तर शंभर दुसरी भांडी मोकळी असताना मादी त्याच्याकडे कशाला येईल?

दोन लिटरची काळी प्लास्टिकची बादली घ्या. तीन चतुर्थांश उंचीवर बोटभर भोक पाडा. आत गोणपाटाची चार बोटं रुंद पट्टी कडेनं गोल लावा, अर्धी पाण्यात, अर्धी वर. मूठभर भाताचा पेंढा बादलीभर पाण्यात चार दिवस भिजवा, आंबूस वास आला की गाळा, एक भाग हे पाणी आणि नऊ भाग साधं पाणी मिसळून सापळ्यात भरा. जागा सावलीची, जमिनीजवळ, वळचणीखाली. उघड्यावर ठेवलात तर पाऊस अंडी वाहून नेतो. दर पाचव्या दिवशी पाणी कोरड्या तापल्या मातीवर ओता, पट्टी उकळत्या पाण्यात टाका, बादली घासा, पुन्हा भरा. पट्टीवर काळ्या रव्यासारखे दाणे दिसतील, ती एडिसची अंडी. विसरभोळ्या घरानं हा सापळा लावूच नये. दहाव्या दिवशी तो सापळा राहत नाही, पाळणाघर होतो.

उडते डास पकडायला टेबलफॅन. पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी नाडीनं बांधा, पंखा जमिनीवर, गोठ्याकडे किंवा पायांकडे पाठ करून संध्याकाळपासून चालू ठेवा. मागून ओढले गेलेले डास पिशवीत अडकतात आणि वाऱ्यानं सुकतात. कापड जाड घेतलंत तर मोटर तापते. वीज गेली की मात्र सगळे डास मागच्या मागे सुटतात आणि पावसाळ्यात वीज जाणारच.   साखर-यीस्टच्या बाटलीचा सापळा करतात, पण तिच्यात डासांना ओढणारा कार्बन डायऑक्साइड वायू फार थोडा तयार होतो. बाजूला माणूस बसला असेल तर डास त्यालाच पसंत करतात. निळ्या दिव्याच्या यंत्रात पतंग पडतात, डास थोडे. मोबाइलमधल्या आवाजाच्या अ‍ॅपचा काही उपयोग नाही.

घरात

कौलारू घराला खिडक्यांच्या जाळ्या लावून पूर्ण संरक्षण मिळत नाही, कौलांच्या आणि भिंतीच्या मधली वळचण उघडीच असते. अशा घरात पैसे चांगल्या मच्छरदाणीवर घाला. ती अंथरुणापेक्षा मोठी हवी, कारण जाळीला अंग टेकलं की डास बाहेरूनच चावतो. कडा गादीखाली खोचा, आत टॉर्च फिरवून बघा, मगच झोपा. औषध भरलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर ती सोड्यात उकळू नका; साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. स्लॅबच्या घरात जाळ्या जरूर लावा. चिकटपट्टीची जाळी चुना लावलेल्या ओलसर भिंतीवर श्रावणापर्यंत टिकत नाही. लाकडी पट्टी आणि स्टेनलेस स्क्रू वापरा.

पडवीत बसताना पायांकडे तोंड करून मोठा पंखा. डास उडण्यात कच्चा असतो, शिवाय वाऱ्यानं आपला श्वास पांगतो आणि त्याला माग लागत नाही. एवढा स्वस्त आणि निर्धोक उपाय दुसरा नाही.

अंगाला लावायचं तर डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम. घरगुती म्हणजे 100 मिलिलिटर खोबरेल तेलात 2 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल. आधी मनगटावर लावून पुरळ येतं का बघा, दोन-तीन तासांनी पुन्हा लावा, तान्ह्या मुलांना नको, आणि पोटात तर कुणीच घ्यायचं नाही. डेंग्यूची साथ असेल तर यावर विसंबू नका. गवती चहा, तुळस, झेंडू नुसते लावून डास पळत नाहीत. सोडणं-कडुनिंबाची धुरी अर्धा तास गुरांना आराम देते, तेवढंच. बंद खोलीत ती आणि कॉइल दोन्ही फुप्फुसांना वाईट. विजेच्या यंत्राच्या बाटलीत कापूर, रॉकेल आणि कडुनिंब तेलाचं मिश्रण भरायची कृती सगळीकडे फिरते. वात चिकटते, तापलेल्या यंत्राजवळ पेट घेणारं द्रव, आणि कापूर मुलाच्या तोंडात गेला तर विष. करू नका.

घरात कोणाला डेंग्यू झाला असेल तर रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या पहिल्या पाच-एक दिवसांत त्याला चावलेला डास पुढे बाकीच्यांना रोग देतो. ताप असेल तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका.

बंद घर

वाडीतली निम्मी घरं शिमगा आणि गणपती सोडले तर कुलपात असतात आणि त्यांच्या टाक्या, कमोड, मोऱ्या अख्ख्या वाडीला डास पुरवतात. मुंबईला निघताना टाकीचा तळातला नळ उघडून ती रिकामी करा आणि झाकण दोरीनं बांधा. कमोडवर प्लास्टिकचा कागद ताणून वरून झाकण पाडा, पाण्यात दोन चमचे खाद्यतेल टाकून ठेवा. मोरीच्या जाळीखालचं पाणी महिन्याभरात सुकतं आणि सेप्टिकमधला डास सरळ घरात येतो. तिथेही तेल ओता, वर प्लास्टिक घालून चिऱ्याचा तुकडा किंवा फरशी ठेवा. फ्रिज बंद करत असाल तर मागचा ट्रे काढून पुसा. कुंड्यांच्या बशा, बादल्या, तांब्याचा हंडा सगळं आत आणि उपडं. चावी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला पन्हळ आणि अंगणातली ताडपत्री दाखवून ठेवा, बाकी त्याला काही करावं लागणार नाही.

गणपतीला आलात की पंप लगेच चालू करू नका. रिकाम्या टाकीच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसेल. आधी ती ब्रशनं घासा, धुतलेलं पाणी अंगणातल्या मातीवर काढा आणि मग टाकी भरा.